उपरणे : वस्त्र आणि शब्द



देवकार्याला एकवस्त्राने बसू नये, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. म्हणून धोतरावर उपरणे हवे. ते डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या काखेखालून काढावे, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. हे सव्य. पितृकार्यात तेच उजव्या खांद्यावर जाते, ते अपसव्य.

हे नियम जानव्याचे, असे आपण समजतो. परंतु गृहस्थाने नित्य उत्तरीय धारण करावे, अथवा उपवीतासाठी नुसते सूत्रही चालेल, असे आपस्तंब धर्मसूत्र सांगते. म्हणजे वस्त्र आधीचे, सूत्र हा त्याचा पर्याय. तेव्हा ज्याच्या गळ्यात जानवे नाही, तो वारकरी कीर्तनकारही उपरणे घेऊन उभा राहतो, यात नवल ते काय?

आपल्या भागात प्रश्न निराळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी राहिली, कचेरीत हिंदी आली. बाजारात आता दुपट्टा मिळतो, गमछा मिळतो. कापड तेच, पण गमछा गळ्यात टाकून दोन्ही टोके पुढे सोडली, की सव्य कोणते आणि अपसव्य कोणते, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. शब्दाबरोबर रीतही जाते.

वस्त्र विणकराने विणावे; शब्द मात्र ग्रंथालयानेच जपावा. शतायुषी ग्रंथालयाकडून एवढी अपेक्षा वावगी नाही.