शनवारी घाणा बंद

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ही मंडळी रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद! तो त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावं तर आडनावातच आली: किहीमकर, पेणकर, राजपूरकर. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल यांचंही आडनाव असंच गावावरून आलेलं: दिवेकर.

मला या घरांतला मलिदा विशेष वाटतो. लग्न ठरलं, नवस फिटला, नवं घर घेतलं, की मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, काजू-बेदाणे, भोवती फळं. अगदी आपल्या ओळखीचं ताट! प्रार्थना मात्र हिब्रूत, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं. झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद म्हणायचा, जमिनीत पिकलेल्यासाठी वेगळा, मगच तोंडात घास. एलियाहूचा रथ अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उतरला, ही श्रद्धा. तिथं आजही नवस बोलले जातात.

1948नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मलिदा सोबत गेला, मराठीही गेली. अलिबागेत आता मोजकीच घरं उरलीत. तिकडं गेलात तर ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग जरूर पाहा. फक्त शनिवारी प्रेक्षक म्हणून जाऊ नका. तो त्यांचा शब्बाथ असतो.