आधी ऐकावे, मग सांगावे

ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या शिरोळ तालुक्याने कृष्णा-पंचगंगेचा महापूर सोसला. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघीजणी ‘पाणी उकळून प्या’ असे सांगत घरोघर फिरलो. एका आजींनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, “अगं, चूल फुटली, सरपण भिजलं. उकळू कशावर?” मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री आम्ही बेत नव्याने आखला. पुराच्या पाण्यातून घाण विहिरीत उतरते, त्यातून जुलाब व कावीळ पसरते, हे खरेच. पण थकल्याभागल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि ती त्याला आज करता येण्याजोगी असावी. आरोग्यसेविकेला सोबत घेतले. ज्या त्या घरच्याच घागरीत पाणी गाळून, पाकिटावरील प्रमाणाने क्लोरीनची गोळी टाकून दाखविली, आणि अर्ध्या तासाने ते पाणी आधी आम्ही प्यालो. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा “वास येतो” म्हणून काहींनी पाणी ओतून दिल्याचे कळले. मग ‘थोडा वास ही औषध असल्याची खूण’ हेही सांगू लागलो.

गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हाती घेत. कीर्तन रात्री, आणि त्यातही लोकांनाच प्रश्न विचारीत. प्रचाराचे मर्म यातच आहे.

तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतील प्रत्येक घराची अडचण विचारून ठेवू या.