तणसावरची गाय आणि पाण्यातला पाला



आपल्या भागात गाईम्हशींच्या गव्हाणीत काय असतं? तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. दिवाळीच्या आगेमागे धान निघतं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत जनावर त्या तणसावरच राहतं. तणसात प्रथिनं शंभरात तीन-चार भाग. सिलिका भरपूर. कॅल्शियम थोडं, आणि आहे तेही ऑक्झॅलेटमुळे जनावराला धड मिळत नाही. पोट भरतं, अंगी लागत नाही. होळीनंतर बांध्या कोरड्या पडल्या की हिरवी काडी दिसत नाही आणि ढेप, म्हणजे पेंड, परवडत नाही. अशा वेळी भंडाऱ्याजवळच्या वरठीतल्या दोन गाई पाळणाऱ्या घराने पाण्यातल्या पाल्याकडे आशेने पाहावं, हे अगदी रास्त आहे.

शिवाय आपण तलावांच्या मुलखातले. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले तलाव आजही माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणून उभे आहेत. काश्मिरात दल आणि वुलरमधल्या पाणवनस्पती नावेतून काढून गाईंना घालतात. मग आपल्याकडे का नको?

दोन कारणांनी जपून. पहिलं, जलकुंभी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि गोसीखुर्द धरणाचं अडलेलं पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत चढतं. संथ, मैलमिश्रित पाण्यात जलकुंभी माजते. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते; सांडपाणी शुद्ध करायला तिला वापरतात ते याच गुणामुळे. असा पाला गाईला घातला तर त्यातलं विष दुधाच्या वाटेने आपल्या ताटापर्यंत येऊ शकतं. नदीतली जलकुंभी गोठ्यात आणूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. यकृतातला चपटा कृमी, ज्याला डॉक्टर लिव्हर फ्लूक म्हणतात, त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगाईत शिरतं, तिथे वाढतं, एकाचे अनेक होतात, मग बाहेर पडून पाण्यातल्या पानांना आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. तो ओला पाला जनावराने खाल्ला की कृमी यकृत गाठतो. जनावर खंगतं, दूध आटतं, जबड्याखाली पाणी उतरतं. तलाव, धान आणि गोगलगाय तिन्ही असलेल्या आपल्या भागात हा धोका घरचाच आहे. म्हणून तलावातला ताजा पाला नको, आणि शेणाची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घेत जा.

मग उरतो तो अझोला, आपल्याच अंगणात, स्वच्छ पाण्यात वाढवलेला. हे पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं. त्याच्या पानात राहणारा निळा-हिरवा शेवाळी जीव हवेतला नत्र बांधतो, म्हणून त्याला युरिया लागत नाही. स्फुरद मात्र द्यावं लागतं. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या प्रकल्पात डॉ. पी. कमलासनन पिल्लै यांनी त्याची साधी पद्धत बसवली. दोन मीटर लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यात सिल्पॉलिनचा प्लास्टिक कागद, वर दहा-पंधरा किलो चाळलेली माती, दोन किलो शेणाचा काला, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि १० सेंटिमीटर पाणी. अर्धा ते एक किलो बियाणं टाकलं की दोन आठवड्यांत खड्डा झाकून जातो. पुढे रोज अर्धा-पाऊण किलो काढता येतो. दर पाच दिवसांनी शेण आणि थोडं सुपर फॉस्फेट घालायचं.

आता हिशेब नीट करू, कारण अझोल्याने ढेप बंद होते असं सांगत फिरणारेही आहेत. दोन किलो ओल्या अझोल्यात कोरडा भाग जेमतेम १२० ग्रॅम, बाकी पाणी. त्यात प्रथिनं सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे शेंगदाण्याच्या ६०-७० ग्रॅम ढेपेइतकी. एका लिटर दुधातच ३२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेव्हा दहा लिटरच्या गाईची ढेप अझोल्याने सुटणार नाही. शिवाय एका गाईला रोज दोन किलो द्यायचा तर असे तीन-चार खड्डे हवेत. एका खड्ड्यावर सगळा गोठा पोसला जात नाही.

तरीही मी अझोल्याचा आग्रह धरतो, तो तणसावरच्या जनावरासाठी. तिथे प्रथिनांबरोबर हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन आणि खनिजंही हवी असतात, आणि वैशाखात ती दुसरीकडून येत नाहीत. वासरू, शेळी, परसातल्या कोंबड्या यांना तर पसाभर अझोलाही उपयोगी.

वैशाखाचं मात्र ध्यानात ठेवा. पारा ३७-३८ च्या वर गेला की अझोला मरगळतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात तो ४५ ला टेकतो. खड्डा झाडाच्या विरळ सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली घ्या. पानं लालसर झाली तर स्फुरद कमी पडतंय किंवा ऊन जास्त होतंय. काढलेला अझोला चाळणीत घेऊन दोन-तीनदा धुवा. शेणाचा वास राहिला तर गाय तोंड फिरवते. पहिले काही दिवस कोंढ्यात कालवून थोडा थोडा द्या. जाळीची सोय नसेल तर यंदा घाई करू नका. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की खड्डा घाला आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी बियाण्याचं एक टोपलं घरामागच्या सावलीत जपून ठेवा.