छपराचे अस्तर

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, ही कोकणातील पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. वैशाखाच्या उन्हात गडी आढ्यावर चढतो, फुटकी कौले काढून नवी बसवितो, आणि घरातील वडीलधारी माणसे खाली उभी राहून कोठून उजेड दिसतो ते त्याला बोटाने दाखवितात. जेथून उजेड येतो तेथून पाणी येणार, एवढे साधे शास्त्र त्यामागे आहे. आणि नेहमीच्या पावसाला ते पुरतेही.

परंतु 3 जून 2020 रोजी, मृग अवघे चार दिवसांवर आलेले असताना, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत अनेक घरांची कौले आणि पत्रे काही तासांत उडून गेले. नुकत्याच शाकारलेल्या घरांनाही वाऱ्याने सोडले नाही. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, ‘ताउक्ते’ वादळ याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. पूर्व किनाऱ्याला हा अनुभव नवा नाही. ओडिशाने 29 ऑक्टोबर 1999 चे महावादळ सोसले आणि 3 मे 2019 रोजी पुरीजवळ ‘फनी’ही पाहिले.

वारा छपराला दाबून मोडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो आणि ही ओढ कडा, कोपरे व आढे येथे सर्वांत अधिक असते. शिवाय वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 60 किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 17 किलोग्रॅम भरतो, तर 120 किलोमीटरचा सुमारे 68. मंगळुरी कौलांचे वजन त्याच क्षेत्रावर साधारणतः 40 ते 45 किलोग्रॅम असते. नेहमीच्या सोसाट्यात केवळ स्वतःच्या वजनावर जागेवर राहणारे कौल चक्रीवादळात का उडते, याचा उलगडा या साध्या हिशेबात आहे.

मात्र उडालेले कौल हे अर्धेच नुकसान होय. उरलेले अर्धे मागाहून येणारा पाऊस करतो. पन्नास चौरस मीटरच्या उघड्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी घरात उतरते. ते माळ्यावरच्या भातावर पडते, अंथरुणांवर पडते, मुलांच्या वह्यापुस्तकांवर आणि ट्रंकेत जपलेल्या जमिनीच्या कागदांवर पडते. भिंती मातीच्या असतील तर त्यांचा पायाच भिजवते. कौले आठवड्याभरात पुन्हा मिळू शकतात. भिजलेले बियाणे त्या वर्षी पुन्हा मिळत नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात 24 ऑगस्ट 1992 रोजी ‘अँड्र्यू’ वादळ आले, तेव्हाही भिंती शाबूत राहिलेली कित्येक घरे केवळ छपरातून शिरलेल्या पाण्याने निकामी झाली. त्यानंतर तेथील बांधकामाचे नियम कडक झाले. आणि वरच्या आवरणाइतकाच त्याच्या खालच्या थराचाही विचार होऊ लागला.

या खालच्या थराला छपराचे अस्तर म्हणण्यास हरकत नाही. कोटाचे अस्तर बाहेरून दिसत नाही, पण कोट उसवला की अब्रू तेच राखते. छपराचेही तसेच आहे. ही कल्पना अगदीच परकी नव्हे. जुन्या वाड्यांतील सागवानी तक्तपोशी, किंवा दक्षिणेकडे मंगळुरी कौलांखाली बसविली जाणारी सपाट कौले, ही अस्तराचीच रूपे होत. ती ऊन अडवीत आणि पाण्याचा जोर मोडीत. मात्र त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपे. ही उणीव आता नव्या साधनांनी भरून काढता येते.

त्यांपैकी सर्वांत परिचित आणि स्वस्त म्हणजे डांबरी कागद. पण उष्ण प्रदेशात त्याची परीक्षा कठीण असते. मे महिन्यातील दुपारी पत्र्याचे तापमान 60 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा उष्णतेत साधे डांबर मऊ पडते, कालांतराने कागद कडक होऊन तडकतो, आणि वाऱ्यात खिळ्यांपाशी फाटतो. प्लास्टिकच्या धाग्यांची विणलेली चादर वजनाला हलकी व फाटण्यास चिवट असते. परंतु ती वाफ बाहेर सोडत नाही, आणि उन्हात फार दिवस उघडी राहिल्यास कुजते. तिसरा प्रकार फळ्यांवर चिकटविण्याच्या डांबरी पट्टीचा. खिळ्याभोवतीही ती घट्ट बसते, म्हणून पाणी अडविण्यात ती सर्वांत सरस. मात्र पत्र्याखाली घालावयाची असल्यास अधिक उष्णता सोसणारीच जात निवडली पाहिजे. चकचकीत ॲल्युमिनियमचा थर उष्णता अडवितो खरा, पण त्याच्यापुढे दोन-अडीच सेंटिमीटर हवेची पोकळी असेल तरच. चकाकी खालच्या बाजूस ठेवली तर तिच्यावर धूळ साचत नाही व तिचा गुण टिकतो.

तथापि निवडीइतकेच महत्त्व बसविण्याच्या पद्धतीला आहे. अस्तर वळचणीपासून आढ्याकडे चढवीत न्यावे आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर निदान 10 सेंटिमीटर चढवावी. कौले बसविण्याचा नियम तोच आहे. प्रत्येक वाशावर, अस्तराच्या वरून, वाशाच्याच दिशेने एक बारीक रीप ठोकावी, तिच्यावर आडव्या रिपा आणि मग कौले. त्यामुळे अस्तर वाऱ्याला धरून राहते, त्यावर आलेले पाणी वळचणीकडे वाहून जाते, आणि मधल्या पोकळीतून वारा खेळतो. वळचण व आढे येथे हवेला वाट ठेवली नाही, तर किनाऱ्यावरील दमट हवेत लाकूड आतून कुजू लागते. खिळे रुंद डोक्याचे आणि न गंजणारे असावेत. खाऱ्या वाऱ्यापुढे साधा खिळा फार वर्षे टिकत नाही.

अर्थात वासे भिंतींना बांधलेले नसतील, तर उत्तम अस्तरही छपराबरोबर उडून जाईल. म्हणून पहिला खर्च लोखंडी पट्ट्यांनी वासे जखडण्याचा, दुसरा अस्तराचा आणि तिसरा वरच्या आवरणाचा, हा क्रम ठेवावा. प्रत्यक्षात तो बहुधा उलटा असतो, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेस वरचे आवरण पडते. ज्याची ऐपत एकदम सगळे करण्याची नाही, त्याने एका वर्षी एका खोलीपुरते करावे. मात्र ती खोली धान्याची आणि कागदपत्रांची असावी. कौले उतरलेली असतात तेव्हाच हे काम सोयीने होते, म्हणून शाकारणीचे दिवस हाच त्याचा मुहूर्त. त्या दिवशी कोठून उजेड येतो हे पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणखी एक प्रश्न गड्याला विचारावा: हे कौल गेले, तर त्याच्या खाली काय आहे?