कॅनूच्या प्रवासातील पाठपिशवी



होडीने प्रवास करायचा म्हणजे सामान होडीनेच वाहायचे, असा आपला समज असतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्य जेथे कॅनडाला भिडते, तेथे तो टिकत नाही. तेथील 'बाउंड्री वॉटर्स' या संरक्षित अरण्यात हजाराहून अधिक सरोवरे आहेत. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना मध्ये खडकाळ पायवाट लागते. तेथे कॅनू ही हलकी, निमुळती होडी खांद्यावर घ्यायची आणि सामान पाठीवर. या वाटेला 'पोर्टेज' म्हणतात.

फरच्या व्यापारातील फ्रेंच-कॅनेडियन नावाडी अशा वाटांवर सुमारे ९० पौंडांची एकेक, अशी दोन गाठोडी एका खेपेस कपाळावरच्या पट्ट्याने तोलून नेत. पुढे १८८२ साली डुलुथ येथील कामीय प्वारिए याने कॅनव्हासच्या पाठपिशवीचे पेटंट घेतले. तिला खांद्यांसाठी दोन पट्टे आणि कपाळासाठी एक. तिच्या वंशातील पिशव्या आजही वापरात आहेत.

आता निवड कशी करावी? टिकाऊपणा आणि जलाभेद्यता हे दोन निराळे गुण आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. जाड कॅनव्हास खडकावर घासला तरी सहसा फाटत नाही, आणि फाटलाच तर सुईदोऱ्याने शिवता येतो. परंतु संततधारेत तो भिजतो आणि जड होतो. उलट, प्लॅस्टिकचा लेप दिलेली, तोंड गुंडाळून बंद करावयाची पिशवी पाणी आत येऊ देत नाही. पण टोकदार दगडाने पडलेले बारीकसे छिद्र सहज दिसत नाही आणि पाण्याला तेवढी वाट पुरते.

म्हणून कामाची वाटणी करावी. झीज बाहेरच्या पिशवीने सोसावी, पाणी आतल्या जाड प्लॅस्टिकच्या अस्तराने अडवावे. अस्तराचे तोंड पिळून, दुमडून बांधावे. कोरडे कपडे आणि झोपण्याची पिशवी आणखी एका वेगळ्या थैलीत ठेवावी. चेंगरणारे अन्न घट्ट झाकणाच्या पिंपात न्यावे. मात्र त्याला खांद्याचे पट्टे चांगले हवेत.

एवढी काळजी कशासाठी? बर्फ वितळल्यानंतरचे तेथील पाणी अतिशय थंड असते. कॅनू उलटून भिजलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरले, की हात बधिर होतात, विचारही मंदावतो. जवळ गाव नसते. अशा वेळी अंगावर घालायला कोरडे कपडे आहेत की नाहीत, यावर जीव अवलंबून असतो.

तेव्हा परीक्षा घरीच घ्यावी. जलाभेद्य थैलीत हवा कोंडून ती पाण्याच्या टबात दाबावी. बुडबुडे आले तर गळती कळते. मग पिशवी पूर्ण भरून दोन-तीन मजले चढून पाहावे. पट्टा खांद्याला कोठे काचतो, तेही तेथेच कळेल.

दुकानात वस्तू कोरडी, नवी आणि रिकामी असते. ती निवडताना तिच्यावर येणारा सर्वांत वाईट दिवस डोळ्यांपुढे आणावा.