कमरेचे पिस्तूल



आत्मसंरक्षणासाठी अंगावर नित्य पिस्तूल बाळगणाऱ्या एका व्यापारी गृहस्थांचा माझा जुना परिचय आहे. त्यांच्या सदऱ्याखाली उजव्या बाजूस जो फुगवटा दिसे, तो प्रथम मला पैशांचा कसा वाटला होता. एकदा त्यांच्याकडे जेवावयास गेलो असता त्यांनी ते शस्त्र काढले, कपाटात ठेवले, कुलूप लावले, किल्ली जानव्याला बांधली, आणि मग कोठे ते पानावर बसले. घरात लहान नातवंडे होती. वरणभातापासून ताकभातापर्यंत त्यांचे अर्धे लक्ष त्या कपाटाकडेच होते.

त्यांचे भय खोटे नव्हते. वसुलीची रक्कम घेऊन परतताना त्यांच्या भावाला रात्री रस्त्यात लुटले होते. भिऊ नका, असे अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगावे?

शस्त्राचा प्रश्न आपल्याकडे मानापमानाशीही जडलेला आहे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. युरोपीयांना सूट मिळाली. हा डंख इतका खोल होता, की 1918 साली सैन्यभरतीच्या पत्रकात खुद्द गांधीजींनी या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली. युरोपीयांची ती सूट पुढे गेली. परवाना मात्र राहिला, आणि स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्यानेही तो ठेवला. मला वाटते, योग्यच केले.

16 डिसेंबर 2012 रोजी दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्याने सारा देश हादरला. पुढे 2014 च्या आरंभी कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नाव ‘निर्भीक’, वजन सुमारे 500 ग्रॅम, हातपिशवीत सहज मावेल असे. किंमत लाखाच्या वर! रात्री बसची वाट पाहणाऱ्या किती मुलींना ते परवडणार होते, हा पहिला प्रश्न. दुसरा अधिक बिकट आहे. रुमाल, फणी, किल्ल्या यांच्या तळाशी गेलेले शस्त्र हाती येईपर्यंत हल्लेखोराचा हात पोहोचलेला असतो. वेळ तो निवडतो, जागा तो निवडतो. त्या बसमध्ये तर सहाजण होते. झटापटीत शस्त्र त्यांच्याच हाती गेले तर?

कायदा आत्मसंरक्षणाचा हक्क मान्य करतो. प्राणावर किंवा अब्रूवर बेतले असता हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो जातो. 2023 च्या न्यायसंहितेतही हे तत्त्व कायम आहे. परंतु बचावास जरूर तेवढीच इजा करावी, अशी त्याला मर्यादा आहे. ही ‘जरूर’ न्यायाधीश महिनोन्‌महिने साक्षीपुरावे तपासून ठरवतात. पिस्तूलधाऱ्याला ती अंधारात, छाती धडधडत असता, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ठरवावी लागते. समोरचा दरोडेखोर आहे की रस्ता विचारणारा वाटसरू, हेही त्याच क्षणी.

निवडणुका आल्या, की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. आमच्या व्यापारी मित्रांनाही तसा आदेश आला. बारा वर्षांत त्यांनी ते पिस्तूल एकदाही कोणावर रोखले नव्हते. पावती खिशात घालून ते परतले. पहिले दोनतीन दिवस हात आपोआप कमरेकडे जाई, असे त्यांनीच मला सांगितले. पुढे एका संध्याकाळी ते जत्रेत दिसले. धाकट्या नातवाला त्यांनी कडेवर घेतले होते. तेही उजव्या कडेवर.

निकाल लागून बरेच दिवस झाल्यावर मी विचारले, “काय, ठाण्यातून आणले की नाही?”

“आणू हो,” ते म्हणाले, “एवढी कसली घाई आहे!”