उणे आयकर आणि संगणकावरचे सरकार
(अभ्यासिकेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)





यंदा अभ्यासिकेतील मुलांना सोबत घेऊन आम्ही संगणकावर सरकार चालवून पाहिले. ‘डेमॉक्रसी ३’ हा खेळ २०१३ साली आला. त्यात आपण देशाचे प्रमुख असतो आणि प्रत्येक खेळी तीन महिन्यांची असते. कर वाढवला, खर्च कापला, की त्याचा परिणाम तिजोरीवर, गरिबीवर आणि मतदारांवर दिसू लागतो. नवे धोरण तक्त्यात लिहून खेळात घालता येते. आम्ही उणे आयकराचे धोरण घातले.

ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ या पुस्तकातून लोकांपुढे आणली. एका मर्यादेच्या वर कमावणारा सरकारला कर देतो. खाली कमावणाऱ्याला सरकारच पैसे देते.

समजण्यासाठी एक हिशेब घेऊ. काहीच कमाई नसलेल्याला महिना ६,००० रुपयांची हमी आहे आणि कमाईच्या प्रत्येक रुपयामागे ५० पैसे मदत कमी होते, असे धरा. ४,००० कमावणाऱ्या बाईला ४,००० मदत मिळेल आणि तिच्या हाती ८,००० येतील. १२,००० कमाईला मदत संपेल. आता रुपयामागे पूर्ण रुपया कापला, तर तिच्या हाती ६,०००च राहतील, म्हणजे राबूनही हाती तेवढेच. उलट २५ पैसेच कापले, तर मदत २४,००० कमाईपर्यंत पोहोचेल आणि तिजोरीवर मोठा भार पडेल. खेळात एका धोरणाला एकच सरकपट्टी असते, म्हणून आम्ही कपात ५० पैशांवर कायम ठेवली आणि हमीची रक्कम पट्टीवर घेतली.

खरी अडचण पुढे आली. प्रत्येक परिणामाचे समीकरण आपणच लिहायचे असते. “फुकट पैसे मिळाले की लोक काम सोडतात,” असे म्हणून एका मुलाने बेकारी वाढण्याचा आकडा मोठा लिहिला. काही खेळ्यांतच बेकारी चढली. “बघा, संगणकानेच सिद्ध केले,” तो म्हणाला. तेव्हा मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, “पण दादा, तो आकडा तूच लिहिलास ना?”

या प्रश्नावर आम्ही खेळ थांबवला आणि खरा अनुभव शोधला. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात १९७४ ते १९७९ या काळात ‘मिनकम’ नावाचा प्रयोग झाला. डॉफिन या गावात पात्र ठरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्यात भाग घेता येत होता. प्रयोग संपला तेव्हा अंतिम अहवाल निघाला नाही आणि कागद खोक्यांत पडून राहिले. पुढे एव्हलिन फर्गेट यांनी प्रांताच्या आरोग्य-नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांपेक्षा डॉफिनमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटले होते आणि अधिक मुले बारावीपर्यंत शाळेत टिकली होती. म्हणजे काही मुले कामावर गेली नाहीत हे खरे, पण ती वर्गात बसली होती.

आम्ही बेकारीचा आकडा लहान केला आणि आरोग्य व शिक्षण यांच्या ओळी तक्त्यात घातल्या. निकाल बदलला. पण मित्रहो, आम्ही जिंकलो असे समजू नका. हा आकडाही आम्हीच लिहिला होता, आणि एका गावाचा अनुभव सगळ्या देशाला लागू होईलच असे नाही. फरक एवढाच, की या वेळी आकड्यामागे काय आहे ते आम्हाला सांगता येत होते.

विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्ही कार्यालयांत, बँकांत, सचिवालयांत बसाल. गरीब माणूस कसा वागतो याचे आकडे तेथे तयार मिळतील. ते कोणी, कशावरून लिहिले, हे विचारल्याशिवाय पुढची सही करू नका. आमचा तक्ता अभ्यासिकेत ठेवला आहे. ज्याला आकडा बदलायचा असेल त्याने जरूर बदलावा. मात्र शेजारी कारण लिहावे.